नख लावून बघितलं का?

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे साडेसात झाले असतील. कॉलेजच्या हरित लेखापरीक्षणासाठी आवारातल्या झाडांची मोजणी चालली होती. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे तक्ते करायचे म्हटलं की समितीत माझं नाव असतंच. हातात रजिस्टर घेऊन मी पुढे, टेप घेऊन कॉलेजचे माळी, मोठे मामा, मागे. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला मोजतात. मामा टेप गुंडाळायचे, आकडा सांगायचे, मी लिहायची. कँटीनच्या मागच्या भिंतीशी २१४ क्रमांक आला. तीन वर्षांपूर्वी लावलेला बहावा. अंगठ्याएवढी जाड काठी, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच, आणि अंगावर एकही पान नाही. आळ्यातली माती भेगाळलेली. मी टेपची वाटही पाहिली नाही. ‘स्थिती’च्या रकान्यात ‘मृत’ लिहिलं आणि पुढच्या झाडाकडे वळले. मागून मामांचा आवाज आला, “मॅडम, नख लावून बघितलं का?”

वळून पाहिलं तर ते उकिडवे बसले होते. एका हातानं काठी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या नखानं त्यांनी साल जराशी खरवडली. तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडी झाली असेल. वरची साल करडी, सुरकुतलेली. आत मात्र हिरवा रंग होता, मुगाच्या डाळीवर साल चिकटून राहते ना तसला, आणि ओलसर. मला नीट दिसावं म्हणून त्यांनी ती काठी हळूच माझ्या बाजूला वाकवली. “सुकलाय. मेला नाही. एक पाऊस पडू द्या.” मी म्हटलं, “हो का, दुरुस्त करते मग.” पण पेन शाईचं होतं, पान स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि ऊन चढायच्या आत अजून शंभरेक झाडं उरकायची होती. दुरुस्त करायचं राहून गेलं.

राहून गेलं, एवढंच.

आमचं कॉलेज पुण्यात, टेकडीच्या पायथ्याशी आहे. वरून पाहिलं तर आवार हिरवंगार दिसतं, पण जमीन बघितली तर फूटभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. इथं झाड लावायचं म्हणजे आधी पहार घेऊन जमिनीशी झगडायचं. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्यायला दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. मग त्यात पोयटा माती, शेणखत, पालापाचोळा, थोडी निंबोळी पेंड. हे सगळं करणारी माणसं पाच. मोठे मामा एकटेच कायम नोकरीतले. बाकी दोन मावश्या, एक मधले मामा आणि बीडकडचा एक तरुण मुलगा, ज्याला सगळे ‘धाकटा’ म्हणतात, हे चौघे कंत्राटावरचे. पूर्वी बागेत सात कायम माणसं होती म्हणे. एकेक निवृत्त होत गेला, जागा भरल्या गेल्या नाहीत. मी इथं सतरा वर्षं शिकवतेय. या पाचांपैकी एकाच्याही गावाचं नाव मला मागच्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

कंत्राट १ जूनला सुरू होतं आणि ३० एप्रिलला संपतं. अकरा महिने. का, ते सगळ्यांना माहीत आहे: नोकरी सलग दिसली तर कायम करा म्हणून मागणी येईल. मे महिन्यात चौघे घरी असतात, पगार नसतो, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणं येईल अशी आशा असते. पण झाडांना मे महिना असतोच. आणि पुण्यातलं झाड वर्षातल्या कुठल्या महिन्यात माणसाची वाट पाहत असेल, तर तो हाच. एकटे मोठे मामा पाइप ओढत अख्ख्या आवाराला पुरे पडायचे नाहीत. पुढचं लॉन, मुख्य इमारतीसमोरच्या कुंड्या, लोकांच्या नजरेत येतं तेवढं आधी. कँटीनच्या मागची भिंत शेवटी.

त्या मे महिन्यात मामा भाचीच्या लग्नाला चार दिवस गावाला गेले. नेमक्या त्याच दिवसांत वाळलेल्या फांद्या उतरवायला बाहेरची माणसं आली. त्यांच्या हातात माझ्या तक्त्याची प्रत होती. ज्यांच्यापुढे ‘मृत’ लिहिलेलं, ती झाडं काढायची. वाळलेली दोन सुबाभळं त्यांनी करवतीनं पाडली. २१४ क्रमांकाला करवत लागलीच नसणार, हातानंच उपटला असेल.

हे मला कळलं जूनमध्ये. कॉलेज सुरू झालं, पहिला पाऊस होऊन गेला होता, आणि मला खरोखरच बघायचं होतं की मामा म्हणाले तसं त्याला पान फुटलंय का. जाऊन पाहिलं तर खड्डा. अर्धा खड्डा कँटीनच्या चहाच्या चोथ्यानं भरलेला. मामा पलीकडे मेंदीचं कुंपण छाटत होते. विचारलं, “मामा, इथला बहावा?” हातातली कात्री न थांबवता ते म्हणाले, “काढला. यादीत होता.” तुमच्या यादीत, असं नाही म्हणाले. नुसतं यादीत. रागाचा लवलेश नव्हता आवाजात, आणि त्याचंच मला काही सुचेना. मी वर्गात मुलांना शिकवते की नमुना हातात घेतल्याशिवाय अनुमान काढायचं नाही. आणि इथं एका हाताच्या अंतरावर उभी राहून, स्पर्शही न करता, मी एका जिवाचा निकाल लावला होता.

त्या दिवसापासून सकाळी पाऊण तास लवकर यायला लागले. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द मला वापरायचे नाहीत. मला फक्त कळून घ्यायचं होतं की मामांच्या नखाला जे दिसतं ते कसं दिसतं. मावश्यांना सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. मॅडम आल्या म्हणजे काहीतरी मोजायला आल्या, अशी त्यांची समजूत. मग हळूहळू त्यांनी माझ्याकडे लक्ष देणं सोडलं, आणि तिथून मला खरं काही दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे बागेचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही, जानेवारीतही नाही. ते कुठं सुरू होतं असं मी विचारलं तेव्हा मधले मामा म्हणाले, “सुरू कुठं होतंय? चालूच असतंय की.” जूनमध्ये पाऊस आला म्हणून सगळे झाडं लावायला धावतात. ५ जूनला पर्यावरण दिन. पाहुणे येतात, फोटो होतो, आणि पुण्यात तेव्हा बहुतेक वेळा पाऊस नसतोच. मामा ती रोपं नंतर दोन आठवडे झारीनं पाणी घालून तगवतात. खरी लावणी जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली आणि मग वाफसा आला की. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, तो आठवडा त्यांना पटतो. चिखलात लावलेलं झाड बसतं, पण श्वास घेत नाही, असं मामांचं म्हणणं. मूठभर माती घेऊन ते दाबतात आणि सोडतात. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, की वाफसा. चिकटून राहिला तर आज घरी जा.

त्या रिकाम्या खड्ड्याचं काय करायचं हे मी विचारलं नव्हतं. विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नव्हतं. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मामांनीच मला हाक मारली. लायब्ररीच्या बाजूला जुना मोठा बहावा आहे, त्याच्यावर गेल्या हंगामातल्या शेंगा अजून लोंबत होत्या. काळ्या, हातभर लांब, हलवल्या की आत खुळखुळ वाजणाऱ्या. मामांनी एक शेंग दगडावर आपटून फोडली. आत एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखे पातळ पडदे, प्रत्येक कप्प्यात चिकट काळा गर आणि त्यात एक चपटं, तपकिरी, चकचकीत बी. गराचा वास गोडसर, जुन्या चिंचेसारखा आणि जरा उग्र. मामा म्हणाले, “हे बी असंच पेरलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतंय. कवच कठीण. त्याला आधी घासायचं.” आणि त्यांनी पाच बिया माझ्या तळहातावर ठेवल्या.

पंपाच्या खोलीसमोरच्या खडबडीत फरशीवर बसून मी बिया घासल्या. एकाच बाजूनं घासायचं, जिथून अंकुर निघतो ती टोकाची बाजू सोडून. बोटाच्या चिमटीत बी निसटतं, नखं झिजतात. दहा मिनिटांनी तपकिरी चकाकी जाऊन खालचा फिकट ठिपका दिसला, की थांबायचं. त्याच्या पुढं गेलं तर आतला गर दुखावतो. पाच बियांना तासभर गेला. रात्रभर त्या पाण्यात ठेवल्या. सकाळी तीन फुगून दुप्पट झालेल्या, दोन जशाच्या तशा. “त्या दोन पुन्हा घासा,” धाकटा म्हणाला. मी विचारलं की पिशवीत रोप करून मग लावायचं का. मामांनी मान हलवली. बहाव्याचं सोटमूळ खाली जायला बघतं, पिशवीत ते तळाला गोल गोल फिरतं आणि मग मोठेपणीही गोलच राहतं. “जागेवरच टोकू.” खड्ड्यातला चहाचा चोथा काढून, नवी माती भरून, त्यांनी तीन बिया त्रिकोणात टोकल्या. पेरून दोन आठवड्यांच्या आत दोन उगवल्या. जुलैच्या झडीत एक गोगलगायीनं खाल्ली. एक राहिली.

पावसाळ्यात बागेला फारसं काम नसतं अशी माझी समजूत होती. उलट मावश्यांचे सगळ्यात कष्टाचे महिने हेच. लव्हाळा आणि गाजरगवत. पुरात लव्हाळा वाचतो हे आपण शाळेत शिकलो. तो का वाचतो हे मावशींच्या खुरप्याच्या टोकाशी कळतं. वरचं पातं उपटलं की खालची गाठ जमिनीत राहते, आणि आठवड्यात एकाचे दोन होतात. म्हणून त्या प्रत्येक पात्यामागे खुरपं उभं घालतात, वीतभर खाली, गाठ हाताला लागेपर्यंत. लॉनच्या एका कोपऱ्याला अख्खा दिवस. आणि गाजरगवत तर आमच्याच शहराचं दुखणं. देशात ते १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच. त्याला फुलं यायच्या आत उपटायचं असतं. धाकट्या मावशींच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल पुरळ होतं, खाजवून खाजवून साल गेलेली. हातमोजे मागितलेत का विचारलं, तर म्हणाल्या मागितलेत, येतील. त्या जुने मोजे, पायातले, हातात घालून काम करत होत्या. दुसऱ्या दिवशी मी रबरी मोजे घेऊन गेले. त्यांनी घेतले, आणि अर्ध्या तासात काढून ठेवले. “ह्यात गाठ हाताला लागत न्हाई, मॅडम.” मी दिलेली वस्तू चांगली होती, पण तिच्यामुळे त्यांचं काम बिघडत होतं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला, पातं उपटताना मोजे आणि गाठ काढताना उघडा हात.

त्या गवतावर एक भुंगा येतो, पिवळसर अंगावर काळ्या रेघा, त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात, गाजरगवत खाण्यासाठीच तो देशात आणला गेला. मधले मामा तो दिसला की काडीवर उचलून दुसऱ्या झुडपावर नेऊन सोडतात. “एवढं एक माणूस फुकट काम करतंय,” असं म्हणाले. ते हसले नाहीत, मीही हसले नाही.

नवरात्रात मला बोलावणं आलं. खंडेनवमी. जिमखान्याच्या मागे पंपाची खोली आहे, तीच माळ्यांची खोली. एरवी मी तिथं डोकावलेही नव्हते. आत गेले तर भिंतीशी स्वच्छ पोतं अंथरलेलं आणि त्यावर सगळी अवजारं ओळीनं मांडलेली. खुरपी सात, विळे तीन, मेंदी छाटायच्या दोन लांब कात्र्या, फांद्या छाटायची छोटी कात्री म्हणजे सिकेटर, कुदळ, फावडी, पहार, पालथी घातलेली घमेली, गवत कापायचं मशीन, आणि मागे वेटोळं करून ठेवलेला तो हिरवा पाइप, चार ठिकाणी सायकलच्या ट्यूबनं बांधलेला. सगळं आदल्या दिवशी धुऊन, लाकडी दांड्यांना तेल लावून ठेवलेलं. मोठ्या मावशींनी प्रत्येक पात्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पहारीलाही. मशीनच्या हँडलला झेंडूची माळ. झेंडू आमच्याच वाफ्यातला, श्रावणात लावलेला, दसऱ्याला फुलेल अशा बेतानं. मामांचं खुरपं मी हातात घेऊन पाहिलं. पातं झिजून झिजून चवथीच्या चंद्रकोरीएवढं उरलेलं, आणि लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा. तो खळगा कुणी कोरलेला नव्हता. तो अंगठा तिथं तेवढी वर्षं बसला होता. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला तर खळगा पलीकडे उरला, माझा अंगठा मामांच्या अंगठ्याएवढा रुंद नाही. त्या दिवशी अवजारांना सुट्टी असते. गूळखोबरं खाऊन सगळे नुसते बसले होते, आणि बागेत कुणी काही करत नाही असा मी पाहिलेला तो एकच दिवस.

ऑक्टोबरमध्ये मामा स्टाफरूमच्या दाराशी आले आणि विचारलं, “गॅदरिंग कितीला धरलंय?” मला वाटलं रजेचं काही असेल. ते गुलाबांसाठी विचारत होते. छाटणीपासून फुलापर्यंत दीड-पावणेदोन महिने लागतात, थंडी जास्त पडली तर आठ दिवस अजून. कार्यक्रमाच्या तारखेपासून मागं मोजत ते ठरवतात की कुठली ओळ कधी छाटायची. सगळे गुलाब एकदम छाटत नाहीत. काही लवकर, काही उशिरा, म्हणजे थंडी चुकली तरी कुठली तरी ओळ तारखेला फुलांवर असेल. मी त्यांना म्हटलं की याला आमच्याकडे जोखीम वाटून घेणं म्हणतात. ते म्हणाले, “आमच्याकडं काय म्हणत नाहीत. बाप असंच करायचा.” फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, वर तिरका काप, डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा, म्हणजे नवी फांदी बाहेर फाकते आणि मध्ये हवा खेळते. कापावर मोरचूद-चुन्याची पेस्ट. धाकटा मागून ब्रश घेऊन यायचा आणि मामा त्याला प्रत्येक झाडाशी एकच प्रश्न विचारायचे, कुठला डोळा? तो चुकला तर काही बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे, तो बरोबर दाखवेपर्यंत.

दिवाळीच्या सुट्टीत मला कॉलेजात यायची सवय नाही, पण गेले. मुलं नसलेलं आवार मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बुचाची फुलं पडताना आवाज होत नाही असं मला वाटायचं, होतो. पहाटेच्या शांततेत लांब दांड्याचं पांढरं फूल गरगरत येतं आणि फरशीवर टेकताना टप असा बारीक आवाज करतं. मावशी झाडायच्या आधी मोठी पांढरी चादर पसरल्यासारखं दिसतं. त्या खराटा भिंतीला टेकवून दोन मिनिटं उभ्या राहतात आणि मग झाडायला लागतात. रोज. “पडलेलं ऱ्हाऊ द्यावं वाटतं,” एकदा म्हणाल्या, “पन पोरं घसरत्यात.”

हिवाळा बागेचा मिरवायचा काळ. सीझनल फुलं, डेलिया, शेवंती. शेवंतीचा शेंडा पावसाळ्यात दोनदा खुडलेला, म्हणून आता झाड भरून कळ्या. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथं आमच्या दोन कुंड्या गेल्या. नंबर नाही आला. धाकटा तीन दिवस गप्प होता. मामांनी त्याला प्रदर्शन बघायला सोबत नेलं होतं आणि परत येताना म्हणाले, “ज्याला बक्षीस मिळालं त्याचं पान उलटून बघितलंस का? मागं एक मावा नव्हता.” धाकट्यानं दुसऱ्या दिवसापासून पानं उलटायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत टेकडीवरची उंदीरमारी निष्पर्ण होऊन गुलाबी-पांढरी झाली, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मोठे मामा निवृत्त झाले.

समारंभ झाला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. मामा बोलले नाहीत, हात जोडले. त्याच्या आदल्या दुपारी मात्र मी जे पाहिलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे, त्यांना अवजारं परत करायची होती. पंपाच्या खोलीत क्लार्क एकेक नाव वाचत होता, मामा एकेक वस्तू पुढं ठेवत होते, घासून पुसून, धार लावून. कुदळ एक. पहार एक. सिकेटर एक. सगळं जुळलं. ते झिजलेलं खुरपं रजिस्टरमध्ये नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या पैशानं जुन्या बाजारातून आणलेलं, किती वर्षांपूर्वी ते त्यांनाही आठवेना. ते त्यांनी धाकट्याकडे दिलं. धाकट्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कुठं ठेवावं ते न कळून शर्टाच्या आत पाठीशी खोचलं. एकतीस वर्षांत मामांनी जे ओळखायला शिकलं, वाफसा, डोळा, सालीखालचा हिरवा, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, आणि त्यांच्या जागी कायम माणूस येणार नाही. मी हे समितीच्या बैठकीत बोलले. बागेला बारावा महिना असतो, कंत्राटही बारा महिन्यांचं करा, असं लेखी दिलं. बघू, असं उत्तर मिळालं. मी पुन्हा देणार आहे.

मार्चमध्ये शिरीषाच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळायला लागल्या, पानांचा खच पडला. पूर्वी तो जाळत. आता व्यायामशाळेमागे तीन खड्डे आहेत, पानांचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पानं. एप्रिल आला. पुन्हा मोजणी, पुन्हा रजिस्टर. टेप धरायला धाकटा होता. कँटीनच्या मागं बहाव्याचं नवं रोप गुडघ्याच्या खालीच आहे अजून. घेर मोजायची उंची गाठायलाच त्याला काही वर्षं लागतील. शेजारी धाकट्यानं एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, तोंडावर फरशीचा तुकडा. पाणी मडक्यातून झिरपत मुळाशी जातं. रोपाची खालची पानं गळलेली, वर दोनच, तीही कडांना करपलेली. मी पेन बंद केलं, वाकले, आणि बुंध्यापाशी हलकेच नख लावलं. फार लावायला नको, एवढंसं तर अंग त्याचं. हिरवं दिसलं. धाकटा बघत होता. तो काही बोलला नाही, पुढच्या झाडाकडे गेला.

३० एप्रिलला चौघांचं काम संपलं. मोठ्या मावशी मुलीकडे गेल्या, मधले मामा एका सोसायटीत वॉचमन म्हणून महिनाभर लागलेत, धाकट्या मावशींचं मला नीट कळलं नाही. धाकटा लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढायला जातोय. जायच्या आधी त्यानं मला रोपापाशी उभं करून सांगितलं की मडकं कसं भरायचं, नऊच्या आत, काठोकाठ नाही, बुंध्यावर थेंब सांडायचा नाही, फरशी नीट झाकायची नाहीतर डास होतात. मी वहीत लिहून घेतलं. मी पाच लिटरचा कॅन घेऊन जाते. घरून वीस मिनिटं लागतात. बाकीच्या झाडांना मी पुरत नाही, आणि मी घातलेल्या पाण्यानं धाकट्याच्या मे महिन्याचा पगार काही निघत नाही. त्याला तसं वाटू नये म्हणून मी पाण्याविषयी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

आज सकाळी मी तिथं असतानाच त्याचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी त्याला हाका मारत होतं. “मॅडम, मडक्यात काडी बुडवून बघा. किती बोटं ओली येते?”

कडुनिंबाची काडी होती, ती तळापर्यंत घातली. बाहेर काढून बोटं लावली.

“चार.”

“चार? मग आज नको. उद्या भरा.”